परदेशवारीहून काय आणाल? निकष येवल्याच्या पैठणीचा

प्रतिनिधी, नाशिक

परदेशी निघालेल्या प्रत्येक भारतीयाजवळ नाशिकची एक वस्तू असतेच. ती म्हणजे त्याचा पासपोर्ट. देशातील पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात. जाताना अशा रीतीने नाशिक खिशात घेऊन जाणारा प्रवासी येताना मात्र काय घेऊन येतो, हे पाहिले तर बऱ्याचदा निराशाच पदरी पडते. फ्रीजवर चिकटवायचे लोहचुंबक, किल्ल्यांच्या साखळ्या, विमानतळावर शेवटच्या अर्ध्या तासात घेतलेली चॉकलेटे आणि 'तिथली म्हणून' मोठ्या कौतुकाने आणलेली, पण उलटून पाहिल्यावर तिसऱ्याच देशाचे नाव दाखविणारी एखादी बाहुली. सहलीवर लाखभर रुपये खर्च होतात. आठवण म्हणून घरात जी वस्तू उरते, तिचा त्या गावाशी काहीच संबंध नसतो.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, जर्मनीत वा ऑस्ट्रेलियात आहे अशी घरे आता नाशिकमध्ये गल्लोगल्ली आढळतात. थायलंड, सिंगापूर, दुबई, श्रीलंका येथील सहलीही मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आल्या आहेत. त्यामुळे 'काय आणू?' आणि 'काय नेऊ?' हे दोन्ही प्रश्न घरोघरी पडतात. या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटरवरील येवल्यात अस्सल आणि नक्कल यांतील फरक ओळखण्याची जी रीत आहे, तीच जगाच्या कोणत्याही बाजारात उपयोगी पडते.

काशीचा गंडा, नाशिकचा गडू

प्रवासाहून परतताना काहीतरी आणावे, ही रीत आपल्याकडे पर्यटनापेक्षा कितीतरी जुनी आहे. काशीयात्रा करून आलेला माणूस घरी मावंदे घालीत असे. गंगेच्या पाण्याचे सीलबंद गडू, काळे गंडे, अन्नपूर्णेची लहानशी मूर्ती अशा वस्तू तो आप्तेष्टांना देई. या वस्तूंची किंमत नगण्य असे, पण त्या काशीहूनच आलेल्या असत आणि दुसरीकडून आणल्या तर त्यांना अर्थ नसे. भेटवस्तूचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

नाशिक स्वतः शतकानुशतके अशा भेटवस्तूंवर जगलेले गाव आहे. रामकुंडावर स्नान करून त्र्यंबकेश्वरी गेलेला यात्रेकरू परत जाताना तांब्या-पितळेची भांडी, देवांच्या मूर्ती, पूजेची उपकरणी आणि चिवडा घेऊन जात असे. जुन्या गावातील भांडी बाजार आणि सराफ बाजार यांची भरभराट या यात्रेकरूंच्या गर्दीमुळेही झाली. तेव्हा बाहेरगावचा माणूस आपल्या बाजारात उभा राहून काय विचारतो आणि काय विचारायचे विसरतो, हे नाशिककरांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मात्र तोच नाशिककर बँकॉकच्या किंवा व्हेनिसच्या बाजारात गेला की हा अनुभव घरीच ठेवून जातो.

पैठणी शिकविते ते चार प्रश्न

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या वस्तूचा दर्जा वा कीर्ती विशिष्ट भूप्रदेशाशी निगडित असेल, तर त्या प्रदेशाबाहेरच्यांनी ते नाव वापरू नये, यासाठी भारताने १९९९ मध्ये कायदा केला आणि तो २००३ पासून अमलात आला. याच कायद्याखाली नाशिक व्हॅली वाइन, नाशिकची द्राक्षे आणि लासलगावचा कांदा यांनाही मानांकन मिळाले आहे. तरीही 'पैठणी' या नावाने यंत्रमागावरील साड्या सर्रास विकल्या जातात. दुकानात 'सेमी पैठणी' म्हणून मिळणारी साडी काही शेकड्यांत वा एक-दोन हजारांत येते. हातमागावरची अस्सल रेशमी पैठणी काही हजारांपासून सुरू होते आणि भरजरी पदराची असेल तर लाखाच्याही पुढे जाते.

येवल्यातील जाणकार ग्राहक पैठणी हातात घेतल्यावर प्रथम पदर उलटतो. हातमागावर विणलेल्या अस्सल पदराची नक्षी सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, कारण मोर, कमळ वा आसावलीची वेल भरताना विणकर प्रत्येक रंगाचा धागा हाताने गुंतवीत जातो. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे मात्र सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. त्यानंतर तो रेशमाविषयी विचारतो, जरीविषयी विचारतो, साडी कोणाच्या मागावर विणली ते विचारतो आणि शेवटी प्रमाणचिन्ह पाहतो. शुद्ध रेशमासाठीचे 'सिल्क मार्क' २००४ मध्ये, तर हातमागाच्या कापडासाठीचे 'हँडलूम मार्क' २००६ मध्ये सुरू झाले.

या पारखीतून चार प्रश्न हाती लागतात. वस्तू कोठे तयार झाली? कोणी तयार केली? कशापासून आणि कोणत्या पद्धतीने केली? आणि हे सारे खरे असल्याची खूण कोणती? परदेशातील कोणत्याही दुकानात हे चार प्रश्न विचारावेत. विक्रेत्याला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर उरलेले दोन विचारण्याची गरज राहत नाही.

देशोदेशींच्या खुणा

आपल्या पैठणीसारखीच अनेक देशांनी आपापल्या वस्तूंना अस्सलपणाच्या खुणा दिल्या आहेत. नाशिककर प्रवासी ज्या देशांत जातात, तेथील काही खुणा निघण्यापूर्वीच माहीत असलेल्या बऱ्या.

थायलंड : येथील रेशमी वस्त्रांवर मोराचे चिन्ह असते आणि त्याचे चार रंग आहेत. सोनेरी मोर म्हणजे पारंपरिक स्थानिक जातीच्या किड्यांचे रेशीम आणि पारंपरिक पद्धतीने हातांनी केलेले विणकाम. रुपेरी मोर म्हणजे विशिष्ट जातींचे रेशीम व हातमागाचे विणकाम. निळा मोर म्हणजे शुद्ध रेशीम, पण पद्धतीचे बंधन नाही. हिरवा मोर म्हणजे अन्य धागा मिसळलेले रेशीम. पैठणीच्या पदरावरील मोर ओळखणाऱ्याला हा मोर ओळखणे मुळीच अवघड नाही. रस्त्यावरच्या बाजारात 'थाई सिल्क' म्हणून अगदी स्वस्तात मिळणारे रुमाल व पिशव्या यांवर हे चिन्ह आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ फसगत टळते.

श्रीलंका : चहाच्या डब्यावर सिंहाचे चिन्ह पाहावे. शंभर टक्के श्रीलंकेत पिकलेला आणि श्रीलंकेतच डबाबंद केलेला चहा असेल तरच ते चिन्ह वापरता येते. याहून नाशिकच्या स्वयंपाकघराला उपयोगी पडणारी भेट म्हणजे तेथील दालचिनी. आपल्याकडे बहुधा मिळते ती जाड, टणक, एकेरी सालीची कॅसिया. सिलोनची खरी दालचिनी फिकट तपकिरी, कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी असते आणि बोटांनी सहज मोडते. तिला २०२२ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती वजनाला हलकी, टिकाऊ आणि दहा घरांत वाटता येण्याजोगी आहे.

नेपाळ : पश्मिना शाल घेताना 'च्यांग्रा पश्मिना' हे नोंदणीकृत चिन्ह पाहावे. 'पश्मिना' या शब्दाखाली विकली जाणारी पुष्कळ कापडे कृत्रिम धाग्याची असतात. शाल परवडत नसेल तर हिमालयातील लोक्ता झुडपाच्या सालीपासून हाताने केलेल्या कागदाच्या वह्या आणि भेटपत्रे ही स्वस्त व अस्सल वस्तू आहे.

दुबई : येथे आपली पावले सोन्याच्या बाजाराकडे वळतात. परंतु सोने हे सर्वत्र सोनेच असते. ती खरेदी झाली, आठवण नव्हे. अरबी पाहुणचाराची खूण म्हणजे खजूर आणि वेलदोडा घातलेली कॉफी. ही कॉफी ज्या उंच चोचीच्या भांड्यातून ओततात त्याला 'दल्लाह' म्हणतात. अरबी कॉफीच्या या परंपरेला २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. उत्तम खजुराचा डबा आणि त्यासोबत कॉफीची पुडी ही भेट सोन्याच्या साखळीपेक्षा अधिक काळ बोलली जाते.

इटली : व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर १२९१ मध्ये आगीच्या भीतीने व्हेनिसमधील काचभट्ट्या हलविण्यात आल्या. तेव्हापासून हे बेट काचकामासाठी प्रसिद्ध आहे. व्हेनिसच्या दुकानांतील सारी रंगीत काच मात्र मुरानोची नसते. व्हेनेतो प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे चिन्ह निर्माण केले. ते नसलेली काच सुंदर असू शकेल, पण तिला मुरानोची किंमत देऊ नये.

स्वित्झर्लंड : घड्याळावर 'स्विस' हा शब्द लिहिण्यासाठी २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग त्या देशात झालेला असावा लागतो. घड्याळ परवडत नसेल तर स्विस चाकू ही खास तेथील वस्तू आहे. फक्त तो हातातील पिशवीत ठेवू नये. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जाईल.

ब्रिटन : स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर विणले जाणारे 'हॅरिस ट्वीड' हे लोकरी कापड येवल्याच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने या एका कापडासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार हे कापड बेटावरील रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले असले पाहिजे. येवल्यातील घराघरांत जसे माग, तसेच तेथेही. त्यावर गोल व क्रॉस असलेला शिक्का असतो. कोट न घेता लहानसे पाकीट किंवा टोपी घेतली तरी त्यावरही तोच शिक्का मिळतो.

जपान : सहलीहून परतताना सहकाऱ्यांसाठी त्या गावचा खाऊ आणण्याची जपानी प्रथा 'ओमियागे' या नावाने ओळखली जाते. प्रत्येक गावाचा, कधी कधी प्रत्येक रेल्वे स्थानकाचा खाऊ वेगळा असतो आणि तो एकेक नग वेगळा गुंडाळलेला असल्याने वाटायला सोपा जातो. कोंडाजीचा चिवडा घेऊन येणाऱ्या पाहुण्याची आठवण यावी अशीच ही रीत आहे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी जपानने १९७४ मध्ये कायदा केला. वस्तू नित्य वापराची, मुख्यतः हाताने आणि परंपरागत साहित्यातून केलेली असेल, तरच तिला 'पारंपरिक हस्तकला' असे अधिकृत नाव मिळते.

नक्कल केवळ आपल्याकडेच नाही

बनावट स्मरणवस्तूंचा व्यवहार गरीब देशांपुरताच आहे, असा एक गैरसमज आहे. ऑस्ट्रेलियातील उदाहरण बोलके आहे. तेथील एका घाऊक विक्रेत्या कंपनीने बूमरँग आणि इतर वस्तू आदिवासी कलावंतांनी रंगविल्याचा आभास निर्माण करून विकल्या. प्रत्यक्षात त्या इंडोनेशियात तयार झाल्या होत्या. २०१५ ते २०१७ या काळात अशा १८ हजारांहून अधिक वस्तू विकल्या गेल्याचे उघडकीस आले आणि २०१९ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने कंपनीला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार, मूळनिवासी जमातींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा आहे. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांनी नैर्ऋत्येकडील राज्यांत चांदी व पिरोजाचे दागिने घेताना, कारागीर कोण आणि कोणत्या जमातीचा, असे निःसंकोच विचारावे आणि ते पावतीवर लिहून घ्यावे.

उलट दिशेचे उदाहरण आपल्याच अंगणातील आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील फॅशन सोहळ्यात कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब साम्य असणारी पादत्राणे सादर केली. तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांकडे आहे. आपल्या कारागिराचे नाव गाळले गेले तेव्हा आपण जेवढे संतापलो, तेवढीच जाण परदेशी कारागिराविषयी खरेदी करताना दाखविली, तर ती न्यायाची गोष्ट ठरेल. आपण नकलेला दिलेला प्रत्येक रुपया कोणत्या तरी गावातील एक माग बंद पाडण्यास हातभार लावतो. हे येवल्यात घडते, तसेच मुरानोत आणि ऑस्ट्रेलियातील वाळवंटी वस्त्यांतही घडते.

कोठे घ्यावे, कसे पारखावे

वस्तुसंग्रहालयांची दुकाने, कारागिरांच्या सहकारी संस्था आणि प्रत्यक्ष कार्यशाळा ही तीन ठिकाणे सर्वांत विश्वासाची. सहलीच्या बसने ज्या मोठ्या दुकानापाशी 'अर्धा तास खरेदीसाठी' थांबा दिला जातो, तेथे भाव चढे असण्याची शक्यता अधिक असते. त्याऐवजी स्थानिक किराणा दुकान वा भाजीबाजार पाहावा. तेथील माणसे घरी जे खातात व वापरतात तेच तेथे मिळते. मसाल्याची पुडी, मिठाचे पाकीट, स्वयंपाकाचे लाकडी उलथने, शाळकरी मुलांची चित्रकथा, टपाल कार्यालयातील तिकिटांचा संच या वस्तूंना नक्कल करणारे सहसा नसतात. टपाल तिकिटे तर सर्वांत स्वस्त, सर्वांत हलकी आणि निश्चितपणे त्या देशाचीच. आपल्या देशाची तिकिटेही १९२६ पासून नाशिकरोडला छापली जाऊ लागली, याचे स्मरण यानिमित्ताने होते.

प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी एका परदेशी बाजारातून 'हातमागाचे शुद्ध रेशीम' म्हणून तीन स्कार्फ आणले होते. घरी आल्यावर आईने एकाच्या कडेचा धागा ओढून काडीने पेटविला. रेशीम असते तर केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख पडली असती. तो धागा वितळून त्याची कडक गुठळी झाली. स्कार्फ पॉलिएस्टरचे निघाले. दुकानात अशी परीक्षा करणे शक्य नसते हे खरे, परंतु 'शुद्ध रेशीम' हे शब्द पावतीवर लिहून मागणे तर शक्य होते. विक्रेता लिहून देण्यास कचरला असता आणि उत्तर तेथेच मिळाले असते.

घासाघीस कोठे करावी, याचाही विचार हवा. ठोक माल मांडून बसलेल्या व्यापाऱ्याशी भाव करणे त्या बाजाराच्या रीतीला धरून असेल तर जरूर करावे. स्वतः विणलेले वा घडविलेले घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराकडे मात्र, येवल्याच्या विणकराला महिनाभराच्या कामाचे काय मिळावे असे आपल्याला वाटते, ते आठवून दाम द्यावा.

हे मुळीच आणू नये

काही वस्तू कितीही मोहक असल्या तरी त्या आणणे बेकायदा आहे. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणारा 'साइटिस' करार १९७३ मध्ये झाला आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. हस्तिदंत, कासवाच्या कवचाच्या कंगव्या व बांगड्या, प्रवाळाचे तुकडे, शाहतूश शाल, मगर वा अजगराच्या कातड्याच्या पिशव्या, काही जातींचे शंख-शिंपले यांवर बंदी आहे किंवा त्यांसाठी परवाना लागतो. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ पासून लागू आहे. 'किनाऱ्यावर सापडले' हे कारण विमानतळावर चालत नाही. समुद्राची आठवण छायाचित्रात आणावी.

मूर्ती व पुरातन वस्तूंबाबत विशेष दक्षता घ्यावी. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. रोपे, बियाणे, माती आणि ताजी फळे भारतात आणण्यावर वनस्पती संगरोधाचे नियम लागू होतात. परदेशातील कुंडीतले रोप बॅगेत लपवून आणण्याचा उद्योग द्राक्षबागांच्या जिल्ह्यातील माणसाने तरी करू नये. एका रोगट काडीतून काय अनर्थ होऊ शकतो, हे निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना सांगावे लागत नाही.

बॅग, बिल आणि सीमाशुल्क

परत येताना करमुक्त वस्तूंच्या मूल्याला मर्यादा असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती विमानाने येणाऱ्या निवासी भारतीयासाठी ५० हजार रुपये ठरविण्यात आली होती. नेपाळ, भूतान व म्यानमारहून येणाऱ्यांसाठी ती १५ हजार होती. हे आकडे वेळोवेळी सुधारले जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्यावा. सोन्याच्या दागिन्यांची वेगळी सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवडाभराच्या दुबई सहलीला ती लागू होत नाही. मर्यादेपेक्षा अधिक माल असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन तो जाहीर करावा. हिरव्या मार्गिकेत पकडले गेल्यास दंड तर होतोच, मनस्तापही होतो.

थायलंड, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि युरोपीय संघातील देशांत पर्यटकांना खरेदीवरील कराचा परतावा मिळू शकतो. त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा लागतो आणि विमानतळावर सामान आत देण्यापूर्वी वस्तू दाखवाव्या लागू शकतात. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये मात्र दुकानातून सोबत नेलेल्या खरेदीवरील ही सवलत २०२१ पासून बंद झाली आहे.

हातातील पिशवीत द्रवपदार्थांच्या १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या नेण्यास बहुतेक विमानतळांवर मनाई आहे. हा निर्बंध २००६ पासून आला. अत्तर, मध, सरबत, मुरंबा हे सारे द्रवपदार्थांतच मोडते. काचेच्या वस्तू कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवाव्यात आणि पावत्या मात्र हातातील पिशवीत.

नाशिकहून नेताना

परदेशातील यजमानासाठी काय न्यावे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. पैठणीची साडी सर्वांना देता येत नाही, पण हातमागाच्या पैठणी कापडाचे पाकीट, बटवा, स्टोल हे हलके आणि खास नाशिक जिल्ह्याचे. घेताना हातमागाचेच कापड आहे याची खात्री करून घ्यावी. भांडी बाजारातील तांब्याचा लहान गडू वा पितळी समई आपल्या गावाची खरी ओळख सांगते. वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आदिवासी कलावंताने स्वतः काढलेले, त्याची सही असलेले कागदावरचे वा कापडावरचे चित्र गुंडाळून नेता येते. छापील वारली नक्षीचा कप हे त्याचे स्थान घेऊ शकत नाही.

खाद्यपदार्थ नेताना त्या देशाचे नियम पाहावेत. ऑस्ट्रेलियात चिवड्याच्या पाकिटापासून लाकडी वस्तूपर्यंत सारे जाहीर करावे लागते. जाहीर न केल्यास जबर दंड होतो. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेता येत नाही. त्यामुळे अनारसे आणि खसखस घातलेले लाडू-करंज्या घरच्या माणसांनाच खाऊ घालावेत. घरातील जुनी मूर्ती भेट देण्याचा विचार असेल तर थांबावे. शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती व शिल्पे देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. मोरपिसांच्या निर्यातीवरही बंदी आहे. तेव्हा पैठणीवरचा मोर न्यावा, मोरपीस नेऊ नये.

एक चिठ्ठी सोबत

निघण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. पहिली माणसांची आणि दुसरी त्या देशातील दोन-तीन खास वस्तूंची. मग वस्तू माणसाशी जुळवावी. स्वयंपाकाची आवड असलेल्या मावशीला दालचिनी, तिकिटे जमविणाऱ्या भाच्याला तिकिटे, सुगरण वहिनीला मसाला, वाचनवेड्या काकांना संग्रहालयातील चित्रांची पोस्टकार्डे. वीस जणांसाठी एकाच दुकानातून वीस सारख्या किल्लीच्या साखळ्या घेण्यापेक्षा पाच जणांसाठी विचारपूर्वक पाच वस्तू आणि बाकी सर्वांसाठी त्या गावचा खाऊ, हा हिशेब खिशालाही परवडतो.

आणि वस्तू देताना तिच्यासोबत एक चिठ्ठी अवश्य ठेवावी. कोणत्या गावात घेतली, कोणी केली, कशाची केली, एवढ्या तीन ओळी पुरेत. येवल्याची पैठणी पिढ्यानपिढ्या जपली जाते ती केवळ जरीमुळे नव्हे. 'ही आजीला लग्नात घेतली, अमक्या विणकराकडून' हे वाक्य त्या साडीसोबत पुढच्या पिढीकडे जाते म्हणून. परदेशातून आणलेल्या वस्तूला असे एक खरे वाक्य जोडता आले, तर ती कपाटाच्या तळाशी जाणार नाही. असे वाक्य जोडता येत नसेल, तर ती वस्तू दुकानातच राहू द्यावी.